निकालानंतरचे दिवस
सांगली लोकसभेला अपक्ष उभा होतो, ७ मे २०२४ ला मतदान झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन एकदम गप्प, ते फार लागलं मनाला. प्रचारात जत तालुक्यात सगळ्यात जास्त फिरलो, पूर्व भागात कानडी बोलणारी गावं, उन्हात टँकरची वाट बघत बसलेल्या बायका म्हणायच्या पोरा मत घे पण पाण्याचं बघ, आणि आतून तुटायचं. ४ जूनला निकाल. २५ हजारांचं डिपॉझिट गेलं, ते वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. मग ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, डिझेल, चहा, पत्रकं, सगळी बिलं बायको रात्री जेवणं उरकून लावत बसायची. परवा जतला परत जाऊन आलो, मावशींनी ओळखलं, चहा पाजला. टँकर अजून यायचा होता.