सेनिओचा बांध आणि निमजचा जाधव

मामाचं गाव संगमनेर तालुक्यातलं, त्यामुळे निमज हे नाव लहानपणापासून कानावर होतं, पण तिथल्या नामदेव जाधवांना दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला होता आणि तोही इटलीत, हे मला तिशी उलटल्यावर कळलं. म्हणून यंदा कामानिमित्त बोलोन्याला जायचं ठरलं तेव्हा व्हेनिसला फाटा दिला आणि दोन दिवस जाधव जिथे लढले त्या सेनिओ नदीसाठी ठेवले. सोबतचे लोक म्हणाले वेडा आहेस का, असू दे.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर तिथे जाऊन गवताशिवाय काही दिसणार नाही. इटलीतलं युद्ध म्हटलं की लोकांना मोन्ते कासिनो आठवतं, फार तर रोम, पण 1945 च्या जानेवारीत मित्रराष्ट्रांची आठवी आर्मी येऊन थबकली ती या सेनिओवर. नदी म्हणाल तर आपल्या प्रवरेपुढे ओढाच. मी बांधावरून मामाला व्हिडिओ कॉल केला तर म्हणतो, "आरं ह्यो तं पाट हाये, नदी कुठंय?" खरी अडचण पाण्याची नव्हतीच, बांधाची होती. पुरापासून शेतं वाचवायला दोन्ही काठांना जवळजवळ दोन मजली उंचीचे मातीचे बांध घातलेत आणि जर्मनांनी ते बांधच पोखरून आत खंदक, भुयारं आणि मशिनगनच्या जागा केल्या. काही ठिकाणी तर एकाच बांधाच्या अलीकडे आपले आणि पलीकडच्या उतारावर जर्मन, दोघं वरून एकमेकांवर हातबॉम्ब टाकतायत, असे तीन महिने काढले लोकांनी, ऐन थंडीत आणि चिखलात.

9 एप्रिल 1945 ला दुपारी आठशेच्या वर बॉम्बर विमानं आली, मग तोफा थांबून थांबून सुरू राहिल्या, मग आग ओकणारे रणगाडे, आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आठव्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ बांधावर चढलं. त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन होती. सान पोतितो गावाच्या उत्तरेला तेवीस वर्षांचा शिपाई नामदेव जाधव कंपनी कमांडरचा रनर, म्हणजे निरोप्या, म्हणून पाण्यात उतरला. पलीकडे पोचले आणि मागच्या, म्हणजे पूर्वेकडच्याच बांधाच्या आतल्या अंगाला लपलेल्या जर्मन ठाण्यांनी त्यांना टिपलं. कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे मारले गेले, जाधव एकटे धड. त्यांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांमधून वर बांधापलीकडे पोचवलं आणि तिसऱ्यांदा परत फिरले ते मशिनगन बंद पाडायला. टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशिनगनने, पहिलं ठाणं संपवलं, हाताला गोळी लागली म्हणून गन फेकून दिली, मग हातबॉम्ब, ते संपले तर सरपटत वर जाऊन अजून आणले, अशी आणखी दोन ठाणी. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावलं. त्याच दिवशी, त्याच नदीवर, फुसिन्यानो गावाजवळ फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही व्हीसी मिळाला, ते कोहाटकडचे, म्हणजे आता पाकिस्तानातले. एक डिव्हिजन, एक नदी, एकाच दिवसात दोन व्हीसी, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी एक ओळ वाचल्याचं आठवत नाही. तेवीस दिवसांनी, 2 मेला इटलीतल्या जर्मन फौजांनी शस्त्रं टाकली.

आता जायचं कसं. बोलोन्याहून लुगोला रिजनल ट्रेन आहे, साधारण तासाभराचा प्रवास, काही गाड्या थेट आणि काहींना कास्तेल बोलोन्येझेला बदलावं लागतं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर दंड. लुगोहून सायकल घ्या, चालत जायचा विचार करू नका. मी भाड्याने घेतलेल्या सायकलचा मागचा ब्रेक नावापुरताच होता, हे बांधावरून खाली उतरताना कळलं, तेव्हा निघायच्या आधी दुकानासमोर एक चक्कर मारून बघा. नदी गावापासून चार-पाच किलोमीटर, मग बांधाच्या माथ्यावरून खालच्या दिशेने फुसिन्यानो आणि पुढे आल्फोन्सिने, सगळं सपाट.

बांधावर सावली अजिबात नाही, पाणी जवळ ठेवा, उन्हाळ्यात डास फोडून काढतात म्हणे, मी एप्रिलमध्ये गेलो म्हणून वाचलो. मोठा पाऊस झाला असेल तर बेत सरळ रद्द करा. 2023 च्या मे महिन्यात याच नद्यांनी बांध फोडून लुगो पाण्याखाली घातलं होतं, म्हणून कुठे दुरुस्तीचं काम दिसलं आणि रस्ता बंद असला तर वाद न घालता खालच्या रस्त्याने जा.

आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं म्युझियम आहे, ते चुकवू नका. गाव युद्धात इतकं जमीनदोस्त झालं की नवं केंद्र नदीच्या दुसऱ्या काठावर बांधलं. वेळा आधी ईमेल करून विचारा, कारण दुपारी या भागात सगळंच बंद असतं, मी दीड तास चौकात बसून काढला. तिथून ट्रेनने राव्हेन्ना मार्गे परत येता येतं पण गाड्या कमी, शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर पियादिना सगळीकडे मिळते, आपल्या पोळीची जाड बहीण, आत स्क्वाक्वेरोने नावाचं मऊ चीज. पण शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, कणकेतच डुकराची चरबी घालतात, त्यामुळे 'सेन्झा स्त्रुत्तो' म्हणून विचारायचं. मला हे चौथी पियादिना खाल्ल्यावर समजलं.

दुसऱ्या दिवशी फोर्ली. शहराच्या स्मशानभूमीला लागूनच भारतीय सैन्याची युद्ध दफनभूमी आहे. 496 थडगी, आणि ज्यांचं दहन झालं अशा 768 जणांची नावं स्मारकावर. आपली माणसं शोधायची असतील तर घरूनच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर शोधून जा, आणि शोधताना 'मराठा'चं जुनं स्पेलिंग Mahratta असं घाला, नाहीतर काहीच सापडत नाही. आडनावांचंही तसंच, जाधवांचं स्पेलिंग वेगवेगळ्या ठिकाणी दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं मिळतं. जाधव स्वतः या दगडांवर नाहीत, ते जिवंत परतले आणि 1984 साली वारले. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावं हळू आवाजात वाचत गेलो, मोठ्याने वाचायला का कुणास ठाऊक संकोच वाटला. फुलं न्यायची असतील तर आधीच घेऊन ठेवा, आणि व्हिजिटर बुक दिसलं तर त्यात मराठीत लिहा.