दुसऱ्या माळ्याचे मनोगत

मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने शाळेत कधी ना कधी आत्मवृत्त लिहिलेले असते. फाटक्या पुस्तकाचे मनोगत, नदीचे आत्मवृत्त, बंद पडलेल्या घड्याळाची कैफियत, दुष्काळग्रस्त शेतकऱ्याचे मनोगत, सीमेवरील सैनिकाचे आत्मकथन: मार्गदर्शिकेत ही सगळी मंडळी ओळीने उभी असतात आणि ‘थांबा, घाबरू नका, मीच बोलतोय’ असे म्हणत बोलू लागतात. तेहतीस वर्षे मराठी शिकवताना असे काही हजार निबंध माझ्या हाताखालून गेले. लिहिण्याआधी मुलाने ज्याला जाऊन काही विचारले होते, असा शेतकरी त्यांत मला एकदाही भेटला नाही, आणि खरे सांगायचे तर ते मला कधी खटकलेही नाही. निवृत्तीनंतर ते खटकू लागले, त्याची ही हकीकत.

मध्य मुंबईतील महापालिकेच्या एका शाळेत मी दर शनिवारी आठवीच्या मुलांचा लेखनाचा तास घेतो. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून शाळा चालवते आणि जागेच्या टंचाईमुळे एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा भरणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. आमच्या इमारतीत तळमजला आणि पहिला माळा मराठीचा, तर दुसरा आणि तिसरा उर्दूचा आहे. जिना एकच आहे, पण मधल्या सुट्टीच्या वेळा वेगळ्या आहेत. पटांगण लहान आहे, असे त्याचे कारण मला सांगण्यात आले आणि ते खोटे नाही. परंतु त्यामुळे वर्षानुवर्षे एका छपराखाली शिकलेली ही मुले एकमेकांना ‘खालचे’ आणि ‘वरचे’ एवढ्याच नावांनी ओळखतात.

बोस्निया-हर्झेगोविनातील ‘एका छपराखाली दोन शाळा’ या व्यवस्थेविषयी वाचताना मला आमचा जिना आठवला. युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर निर्वासित कुटुंबे आपापल्या गावी परतू लागली, तेव्हा त्यांच्या मुलांना शाळेत आणण्यासाठी तात्पुरती सोय म्हणून ही पद्धत सुरू झाली. बोस्नियाक (बहुतांशी मुस्लिम) आणि क्रोएट (बहुतांशी कॅथलिक) मुले एकाच इमारतीत, पण वेगळ्या अभ्यासक्रमाने, वेगळ्या शिक्षकांकडे, कुठे वेगळ्या पाळीत तर कुठे वेगळ्या दाराने शिकू लागली आणि ती तात्पुरती सोय पुढे वर्षानुवर्षे टिकली. अर्थात ही तुलना फार ताणू नये. आमच्याकडील विभागणी मातृभाषेतून शिकण्याच्या हक्कातून आलेली आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क मध्ये त्याला आधार आहे आणि मी स्वतः त्या हक्काचा कट्टर पुरस्कर्ता आहे. शिवाय बालभारतीचे इतिहास व नागरिकशास्त्राचे जे पुस्तक खाली मराठीत शिकवले जाते, तेच वर उर्दूत शिकवले जाते. संविधानाची एकच उद्देशिका दोन्हीकडे म्हटली जाते, फक्त वेगवेगळ्या वेळी.

मागच्या वर्षी मी मुलांना विषय दिला: ‘दुसऱ्या माळ्यावरील विद्यार्थ्याचे मनोगत’. त्यामागे एक प्रयोग होता. ॲडम गॅलिन्स्की आणि गॉर्डन मॉस्कोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एका वृद्ध माणसाचे छायाचित्र दाखवून त्याच्या आयुष्यातील एक दिवस लिहायला सांगितले होते. काहींना सांगितले की म्हाताऱ्यांविषयीचे ठरावीक समज मनात येऊ देऊ नका, तर काहींना सांगितले की तो माणूस तुम्हीच आहात असे समजून लिहा. दोन्ही गटांच्या लिखाणात साचेबंदपणा कमी झाला. परंतु ज्यांनी समज नुसते दाबून ठेवले होते त्यांच्या मनात ते नंतर अधिक सहज वर येत होते, तर परकायाप्रवेश करणाऱ्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. हे वाचून मी मनात म्हटले, हे तर आपले आत्मकथनच झाले. शंभर वेळा करून घेतलेली गोष्ट आहे.

बावीस वह्या आल्या. त्यांपैकी नऊ वह्यांत दुसऱ्या माळ्यावरील विद्यार्थ्याचे नाव सलीम होते. सलीम पाच वेळा नमाज पढत होता, त्याला बिर्याणी आवडत होती, त्याचे वडील गरीब पण प्रामाणिक होते आणि शेवटच्या परिच्छेदात तो आपण सारे भारतीय एक आहोत असे सांगून निरोप घेत होता. द्वेषाचा एक शब्दही कोठे नव्हता, हे मी समाधानाने नोंदवतो. पण वर बसणारा कोणी मुलगाही त्यात नव्हता. शेतकरी, सैनिक, फाटके पुस्तक आणि सलीम हे सगळे एकाच मार्गदर्शिकेतून आले होते.

असे का झाले असावे, याचे उत्तर मला दुसऱ्या एका संशोधनात सापडले. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये २५ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र मांडले. स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून त्याच्या मनातले ओळखायला सांगितले, तर अंदाज अधिक अचूक येतात का, हे त्यांना तपासायचे होते. ते येत नाहीत, असे दिसले. अचूकता वाढली ती एका साध्या गोष्टीने, म्हणजे त्या माणसालाच विचारल्याने. कल्पनाशक्तीला मी कमी लेखत नाही, ललित लेखन तिच्यावरच उभे आहे. परंतु ज्या शहरात शेजाऱ्याविषयीची कल्पना घरातूनच तयार मिळते, तेथे मुलाला ‘कल्पना कर आणि लिही’ असे सांगणे म्हणजे घरून आणलेली शिदोरीच पुन्हा उघडायला लावणे आहे.

म्हणून दुसऱ्या खेपेस मी विषय तोच ठेवला, पण दोन अटी घातल्या. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारायचा नाही, आणि लिहिलेला मजकूर ज्याच्याविषयी आहे त्यालाच आधी वाचून दाखवायचा. वरच्या मजल्यावरील एका उर्दू शिक्षिकेने हाच उपक्रम आपल्या वर्गात घ्यायचे मान्य केले. शनिवारचा एक तास एकत्र मिळवण्यासाठी दोन्ही मुख्याध्यापकांकडे मिळून सात हेलपाटे झाले, त्याचा तपशील देत नाही.

भाषेचा प्रश्न येईल असे मला वाटले होते. बोलण्यात तो आलाच नाही, कारण मुंबईची हिंदी दोन्ही मजल्यांना सारखीच येते. तो आला लिहिण्यात. वरची मुले मराठी हा विषय शिकतात, त्यामुळे आमच्या मुलांचा मजकूर ती अडखळत का होईना वाचू शकत होती. आमच्यापैकी एकालाही उर्दूतील आपले नावसुद्धा वाचता येत नव्हते. निरनिराळ्या गटांच्या संपर्काविषयी १९५४ मध्ये सिद्धांत मांडताना गॉर्डन ऑलपोर्ट यांनी संपर्क उपयोगी ठरण्याच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत समान दर्जा ही अट महत्त्वाची होती. ती मी आजवर जात, पैसा, वस्ती यांच्या संदर्भातच समजून घेत आलो होतो. वहीतील ओळ कोणाला वाचता येते आणि कोणाला नाही, यातही दर्जा असतो, हे मला त्या दिवशी दिसले. पुढचे दोन शनिवार आमच्या मुलांनी अलिफ-बे गिरवले. दोन तासांत लिपी येत नाही, पण आपले अक्षर वरच्या मुलांकडून तपासून घेण्याची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

नंतर आलेल्या वह्या वेगळ्या होत्या. आमच्या वर्गातील चिपळूणकडच्या एका मुलाने वरच्या मुलीला विचारले होते की सुट्टीत तू कोठे जातेस. तिचे गाव निघाले खेड तालुक्यात. ती शिकते उर्दूत, पण घरी कोकणी बोलते. आणि ती जे दोन-चार शब्द बोलून दाखवत होती ते त्याच्या आजीच्या तोंडी असलेलेच निघाले. त्याच्या निबंधाचे पहिले वाक्य होते, ‘आम्हालाही गणपतीत कोकण रेल्वेचे तिकीट मिळत नाही, कारण तुम्ही सगळी तिकिटे घेता.’ असे वाक्य कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. दुसऱ्या एका मुलाने आपला मजकूर वाचून दाखवताना ‘याचे वडील गरीब आहेत’ या वाक्याशी येताच समोरचा मुलगा म्हणाला, ‘गरीब मत लिख ना. अब्बा का खुद का गाला है.’ मुलाने ‘गरीब’ खोडले, थोडा वेळ पेन चावले आणि मग लिहिले: ‘याच्या वडिलांचा स्वतःचा गाळा आहे, तेथे ते शिलाई मशीन दुरुस्त करतात.’ विशेषणाऐवजी तपशील द्यावा, हे मी तेहतीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या मुलाला ते अर्ध्या मिनिटात कळले, कारण हरकत घेणारा समोर बसला होता.

लेखन-अध्यापनाच्या संशोधनाशी हे जुळते. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात व्याकरणाच्या सुट्या धड्यांनी लेखन सुधारत नाही, पण मुलांनी एकमेकांच्या सोबतीने आखणी, मसुदा आणि दुरुस्ती केली तर लक्षणीय सुधारते, असे दिसून आले. आपल्याकडे दहावीच्या कृतिपत्रिकेसाठी पत्र, बातमी, जाहिरात, आत्मकथन असे सगळे प्रकार करून घेतले जातात, पण सगळे एकट्याने, एका बैठकीत आणि परीक्षकासाठी. एक गोष्ट मला नेहमीच गमतीची वाटते: कौमी एकता सप्ताह आला की आपण एकात्मतेवर निबंध स्पर्धा ठेवतो. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशात बाराशेहून अधिक तरुणांच्या क्रिकेट सामन्यांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या जातींचे तरुण एकाच संघात खेळले तेव्हा जातीबाहेरील मैत्री वाढली. ते एकमेकांविरुद्ध खेळले तेव्हा परिणाम बहुधा उलट दिशेने गेला. या वर्षी आमच्याकडेही खालच्या आणि वरच्या शाळांत निबंध स्पर्धा घेण्याची सूचना आली होती. मी ती नम्रपणे नाकारली.

इतिहासाकडे मात्र मी अद्याप बिचकतच जातो. उत्तर आयर्लंडमध्ये कीथ बार्टन आणि ॲलन मॅककली यांनी ११ शाळांतील २५३ विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. तेथील अभ्यासक्रम मुद्दाम समतोल ठेवलेला आहे. तरीही वरच्या इयत्तांत जाताना बरीच मुले त्यातून नेमका आपल्या समाजाच्या बाजूचा भाग उचलत होती. इस्रायली दान बार-ऑन आणि पॅलेस्टिनी सामी अदवान यांनी शिक्षकांना सोबत घेऊन वेगळीच युक्ती केली. त्यांच्या पुस्तिकेत पानाच्या एका बाजूला इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी कथन आणि मध्ये कोऱ्या ओळी होत्या. त्या विद्यार्थ्याने भरायच्या होत्या. मला त्या कोऱ्या ओळींचे अप्रूप वाटते, कारण इतिहासाच्या पुस्तकात मुलाला लिहायला जागा ठेवलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपल्या शहराच्या पानावरही अशी मधली जागा आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत ९०० माणसे मेली, असे १९९८ मध्ये सादर झालेला श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. आठवीतल्या मुलांचे आईवडील तेव्हा लहान होते. उपक्रमाची परवानगी देताना ‘दंगलीचा विषय नको’ असे मला बजावण्यात आले होते आणि मी तो काढला नाही. मला काढायचा धीर झाला असता की नाही, हेही सांगता येत नाही.

वह्या परत करण्यापूर्वी चाळताना एका मुलीच्या प्रश्नांच्या यादीवर नजर थांबली. सहावा प्रश्न निळ्या शाईने दोनदा खोडलेला होता, तरी वाचता येत होता: ‘दंगलीच्या वेळी तुमचे घर कुठे होते?’ मी तिला काही विचारले नाही. पान उलटले, तर मागच्या बाजूला, निबंधाशी संबंध नसल्यासारखी, पेन्सिलीने एकच ओळ होती. ‘ती म्हणाली, दादीला विचारून सांगते.’