कार्लाइलची पोरं

इथे थंडीची चाहूल लागली की फुटबॉल सुरू होतो. आपला पायाने खेळायचा नव्हे, अमेरिकन फुटबॉल: अंडाकृती चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीसारख्या माणसांत घुसायचं. पहिली दोन वर्षं मला त्यात काही कळायचं नाही. मग १९१२ सालच्या एका संघाबद्दल वाचलं आणि या खेळाकडे बघायची नजर बदलली. त्या संघाचं गाव, कार्लाइल, पेन्सिल्व्हेनियात आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे.

तिथल्या लष्करी बराकींमध्ये १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या अधिकाऱ्याने मूळ अमेरिकन मुलांसाठी सरकारी निवासी शाळा काढली. 'त्याच्यातला इंडियन (म्हणजे मूळ अमेरिकन) मारा आणि माणूस वाचवा' हे या प्रॅटचंच वाक्य. दूरदूरच्या जमातींतली मुलं रेल्वेने आणायची, आल्याआल्या केस कापायचे, आईची भाषा बोलायला बंदी. पहिल्या तुकडीतल्या लूथर स्टँडिंग बेअर यांनी लिहून ठेवलंय की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली असायची, काठीने त्यातल्या एकावर खूण करायची, तेच तुझं नाव. ते लाकोटा जमातीचे. लाकोटा लोकांत केस कापतात ते जवळचं माणूस गेलं की. आपल्याकडे मुंडण करतात तसंच. त्या पोरांना काय वाटलं असेल? घरी कोण गेलं, हेच ना?

याच शाळेचा संघ १९१२ मध्ये चौदा सामने खेळला. बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरला. प्रशिक्षक होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. संघात जिम थॉर्प होता, ओक्लाहोमाचा, सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच क्रीडाप्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची) अशी दोन सुवर्णपदकं घेऊन तो परत आला होता.

९ नोव्हेंबरला सामना होता वेस्ट पॉइंटला, म्हणजे थेट लष्कराच्या अकादमीत. दक्षिण डकोटातल्या वूंडेड नी या ठिकाणी लाकोटांवर सैन्याने गोळ्या चालवल्या त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. समोर सैन्याचे होणारे अधिकारी, त्यांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण, पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झालेला. कार्लाइलची मुलं अंगाने हलकी होती, पण वॉर्नर यांनी 'डबल विंग' नावाची नवी रचना बसवली होती, जिच्यात चेंडू नेमका कोणाकडे आहे याचा समोरच्याला पत्ताच लागत नाही. त्याच वर्षी नियमही बदलले होते: दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न, आणि टचडाऊनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे, सहा गुण. कार्लाइलच्या ॲलेक्स आर्कासाने तीन टचडाऊन केले. त्याचाच साथीदार जो गायन याच्या अंगावर धावून गेल्याबद्दल वेस्ट पॉइंटच्या कर्णधाराला मैदानाबाहेर काढलं गेलं. निकाल २७-६.

हा सामना मी किती वेळा वाचला असेन! दर वेळी अंगावर काटा येतो.

पुढच्याच आठवड्यात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असे हरले. मोसमाचा शेवट ब्राउन विद्यापीठाविरुद्ध, ३२-० असा विजय. मग १९१३ च्या जानेवारीत थॉर्पने पूर्वी चार पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचं उघडकीस आलं; ऑलिम्पिकला तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालत, म्हणून त्याची पदकं काढून घेतली. १९५३ मध्ये तो गेला. ऑलिम्पिक समितीने त्याला एकट्याला विजेता म्हणून पुन्हा मान दिला तो २०२२ मध्ये. ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही. आणि १९१४ मध्ये शाळेच्या कारभाराची संसदेने चौकशी केली, त्यामागे विद्यार्थ्यांची तक्रार होती. त्यात पुढाकार होता संघाच्याच क्वार्टरबॅकचा (चाल सुरू करणाऱ्या खेळाडूचा), गस वेल्चचा. वेस्ट पॉइंटच्या विजयाइतकंच मला त्याचं हे धाडस मोठं वाटतं.

शाळा १९१८ मध्ये बंद झाली. आता तिथे लष्कराचं वॉर कॉलेज, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांचं महाविद्यालय, आहे. आत जायला ओळखपत्र दाखवावं लागतं. मुलीला घेऊन गेले होते. तिच्या शनिवारच्या मराठी शाळेत जायला ती कुरकुर करते, तेव्हा मी रागावते. त्या दिवशी मात्र काहीच बोलले नाही.

मैदानाआधी कबरी बघितल्या. एकसारखे पांढरे दगड, सैनिकांचे असतात तसे ओळीत. शाळेत असताना आजारपणात गेलेली मुलं. काही दगडांवर नाव नाही, नुसतं 'अज्ञात'. कोणीतरी एका दगडावर छोटं खेळणं ठेवलं होतं, दुसऱ्यावर गोळ्या-चॉकलेटं. २०१७ पासून इथल्या काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे, त्यांच्या घरी परत जातायत.

मुलीने विचारलं, "आई, यांतलं कोणी फुटबॉल खेळायचं का?"

मी म्हटलं, खेळायला मिळेल एवढी मोठी झालीच नाहीत गं यांतली बरीचशी. तिने खिशातली चिक्की काढली आणि 'अज्ञात' लिहिलेल्या दगडावर ठेवली.