पानफुटी म्हणून आलेलं रोपटं

मी वडोदऱ्यात एका कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटमध्ये हर्बेरियम सांभाळते. वाळवलेली झाडं, शीट्स, लेबलं, हे काम लोकांना माहीत असतं. पण माझा बराच वेळ बाहेरून आलेली झाडं ओळखण्यात जातो, "ताई, हे चहात टाकलं तर चालेल का?" आणि आणतात काय, तर पिशवीत घामेजलेलं एक पान. ना फूल, ना खोड. त्यावरून नाव सांगा म्हणतात आणि नाही सांगितलं की रुसतात.

दांडिया बाजारातले एक काका मात्र अख्खी कुंडीच घेऊन आले, मला फार बरं वाटलं. त्यांना मुतखडा होता, नर्सरीवाल्याने पत्थरचट्टा, म्हणजे पानफुटी, म्हणून हे रोप दिलेलं, मोबाइलवरच्या अ‍ॅपनेही फोटो बघून पानफुटीच सांगितलेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पानं उकळून आलं घालून प्यायचं ठरलं होतं. काकू अडून बसल्या की आधी विचारून या, म्हणून ते आले.

कुंडी टेबलावर ठेवल्याबरोबर मला खटकलं. पानफुटीचं पान रुंद, कडेला गोलसर दाते, आणि वरची पानं तीन-पाच पर्णिकांची, म्हणजे एका देठावर तीन-पाच छोटी पानं असल्यासारखी. तिची पिल्लं, म्हणजे पानाच्या कडेला फुटणारी छोटी रोपं, बहुतेक वेळा पान गळून मातीवर पडलं की फुटतात. इथे पान अरुंद, होडीसारखं दुमडलेलं, खालच्या बाजूला जांभळट डाग, आणि झाडावर असतानाच दोन्ही कडांना पिल्लांची रांग. पानफुटी ही कलांचो नावाच्या गटातली, आणि आधी मला त्याच गटातली दुसरी जात, डायग्रेमॉन्टियाना, वाटली, पण तिचं पान बुडाशी रुंद असतं आणि हे देठाकडे निमुळतं होत गेलेलं. म्हणजे कलांचो हॉटनाय, डायग्रेमॉन्टियाना आणि डेलागोएन्सिस या दोन जातींचा संकर, १९३० च्या दशकात अमेरिकेत केलेला. ज्यांचा हा संकर त्या दोन्ही जाती मूळच्या मादागास्करच्या, आणि दोन्हींत बुफाडायनोलाइड्स असतात, म्हणजे थेट हृदयावर काम करणारी विषं. डेलागोएन्सिस खाऊन ऑस्ट्रेलियात गुरं मरतात.

काका म्हणाले, "अगं पण मी सकाळी चाखून बघितलं, आंबट लागलं, पानफुटी आंबटच असते ना?" आता ही फार जुनी गोष्ट आहे. बेंजामिन हेन नावाच्या माणसाने भारतातच पानफुटीची पानं चाखून लिहून ठेवलं की सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव. ते १८१५ मध्ये छापून आलं. ही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्ल साठवतात आणि दिवसा वापरून टाकतात, त्यामुळे कलांचो गटातल्या बहुतेक झाडांची पानं सकाळी आंबट लागतील, त्यावरून जात ठरत नाही.

मग मी औषधं विचारली. तर काका डिगॉक्सिन, म्हणजे हृदयासाठीची गोळी, घेतात! मी खुर्चीत सरळ झाले. ही विषं हृदयाच्या पेशींमधला जो सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतात, तोच डिगॉक्सिनही अडवतं, म्हणजे डॉक्टरने मोजून दिलेल्या गोळीवर न मोजलेला काढा. आणि खऱ्या पानफुटीतही याच गटातली द्रव्यं सापडली आहेत, म्हणून "बरं, मग खरी आणतो" म्हणाले त्यालाही मी नाही म्हटलं. कागदावर झाडाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि कुठलाही काढा घ्यायच्या आधी हे हार्टच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून बजावलं.

एक फांदी ठेवून घेतली. मांसल झाड तसंच दाबलं तर प्रेसमध्ये मरतच नाही, ब्लॉटरच्या, म्हणजे टिपकागदाच्या, आत पिल्लांना मुळं फुटतात. आधी उकळत्या पाण्यात बुडवायचं, जाड खोड चिरायचं आणि ब्लॉटर रोज बदलायचे. माझी शीट सुंदर झाली आहे, एक पिल्लू गळलं नाही.

आमचे सर म्हणाले, नाव सांगितलंस ना, आपलं काम संपलं. मला ते पटत नाही. मी नर्सरीत गेले तर तिथे त्याच रोपांचा अख्खा ट्रे, आणि नर्सरीवाला म्हणतो, "बेन, सगळे पथरीसाठी हेच नेतात." समजावल्यावर त्याने ट्रे आत नेला, पण आधीच्या कुंड्या कोणाकडे गेल्या ते त्याला सांगता येईना. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय.

घरी असं रोप असेल तर पान झाडावर असतानाच कडेला पिल्लं आहेत का ते आज बघा. असतील तर उकळू नका, पिल्लं वेचून कचऱ्यात टाका, नाहीतर शेजारच्या कुंडीत उगवतील. शंका असेल तर कुंडीच घेऊन या, पान नको.