टेबलांवरचं पान: रकाने आता हलत नाहीत

1997 च्या पद्धतीच्या वेब पानाचा सांगाडा पक्का झाला. 640 बाय 480 चा स्क्रीन धरून रुंदी 600 पिक्सेल घेतली: डावीकडे 120 चा मेन्यू, मग 20 ची मोकळी पट्टी, उरलेल्या 460 मध्ये मजकूर. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर 1996 मध्येच आली होती, पण तेव्हाचे ब्राउझर ती नीट पाळतील याचा भरवसा नव्हता, म्हणून सगळा भार एचटीएमएलच्या टेबलवर, म्हणजे ओळी आणि रकान्यांच्या तक्त्यावर. बॉर्डर (चौकट), सेलपॅडिंग (सेलच्या आतली जागा), सेलस्पेसिंग (दोन सेलांमधली जागा) तिन्ही शून्य लिहायचेच. गाळले तर ब्राउझर सेलांमध्ये स्वतःच्या मनाने जागा सोडतो.

खरी गंमत त्या 20 च्या पट्टीत आहे. रिकाम्या सेलला रुंदी दिली, तरी शेजारी मोठं चित्र आलं की ती आक्रसते. इथे डिझायनर डेव्हिड सीगल यांच्यामुळे गाजलेली युक्ती कामी येते: 1 बाय 1 पिक्सेलचं पारदर्शक जीआयएफ चित्र. माझी फाइल जेमतेम 43 बाइटची. शेवटच्या रोमध्ये ती तीनदा टाकली, रुंदी 120, 20 आणि 460 देऊन. चित्र दाबलं जात नाही, त्यामुळे रकाना त्याहून अरुंद होऊच शकत नाही. नेटस्केप 3 या तेव्हाच्या ब्राउझरमध्ये यासाठी स्पेसर नावाचा वेगळा टॅग होता, पण इंटरनेट एक्स्प्लोररला तो कळत नसे. चित्र सगळ्यांना कळतं, म्हणून माझं मत जीआयएफलाच.

मेन्यूखालच्या 1 पिक्सेलच्या रंगीत रेघेलाही तेच जीआयएफ वापरलं. सेल रिकामी असेल तर नेटस्केप रंग भरत नाही. नॉन-ब्रेकिंग स्पेस (न तुटणारी मोकळी जागा, एक अक्षरच) टाकली तर सेल अक्षराच्या उंचीएवढी फुगते. आणि चित्राचा टॅग संपला की टीडी, म्हणजे सेलचा टॅग, त्याच ओळीत बंद करा. मध्ये एन्टर पडला की चित्राखाली फट दिसते. एडिटरमधलं आपोआप फॉरमॅटिंग त्यासाठी बंदच ठेवा.

अशा प्रत्येक स्पेसर जीआयएफला रिकामा ऑल्ट (चित्राऐवजी दिसणारा मजकूर) द्यायला विसरू नका, नाहीतर लिंक्ससारख्या (Lynx) फक्त मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये वाचणाऱ्याला पानभर 'इनलाइन' दिसत राहतं.

आता पानाच्या कडा. इंटरनेट एक्स्प्लोररला लेफ्टमार्जिन आणि टॉपमार्जिन लागतात, नेटस्केप 4 ला मार्जिनविड्थ आणि मार्जिनहाइट. ही चारही मापं बॉडी टॅगमध्ये शून्य. नेटस्केप 3 यातलं काहीच मानत नाही. तिथे मेन्यूचा रंग कडेपर्यंत न्यायला पार्श्वभूमीला रुंद, बुटकं जीआयएफ लावून बघणार आहे.