सायकल स्टँडमधल्या सॉकेटलाही अनुदान हवं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या (जुनं औरंगाबाद) वाळूज एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस पार्टच्या कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. पॅनल, कॉम्प्रेसर, प्रेसच्या मोटारी, डीजी सेट, सगळं माझ्याकडं. त्यात हल्ली एक काम वाढलंय. सायकल स्टँडमध्ये चार्जिंगच्या गाड्या, म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटर, यायला लागल्यात, आणि त्या साहेबांच्या नाहीत, ऑपरेटर आणि हेल्परच्या आहेत.

पेट्रोलचा लिटर शंभराच्या वर गेल्यापासून पोरं हिशेब करून गाडी घेतात. घेतल्यावर मात्र अडचण सुरू होते. आमच्यातला एक प्रेस ऑपरेटर रांजणगावात भाड्यानं राहतो. तो म्हणाला, "सर, गाडी घेतली खरी, पण लावू कुठं? खोलीवाली म्हणायलीय, चार्जर दिसला की खोली खाली कर." बजाजनगर, जोगेश्वरी, रांजणगाव, सगळीकडं हेच. खोली दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली गल्लीत, अख्ख्या घराला एक मीटर आणि भाडेकरूंना सबमीटर. घरमालकिणीचंही चूक नाही, त्या वायरिंगवर आधीच दोन-तीन कूलर असतात. गंगापूर, लासूरकडून येणाऱ्यांचं दुखणं वेगळं. रात्री लाईट गेली की सकाळी गाडी अर्धीच भरलेली, आणि त्यावर फर्स्ट शिफ्ट गाठायची.

म्हणजे गाडी एका जागी आठ तास उभी आहे, तिथं दमदार थ्री फेज लाईन आहे आणि गेटवर सिक्युरिटी आहे, अशी या माणसांच्या आयुष्यातली एकच जागा, ती म्हणजे कंपनी. रस्त्यावरचं चार्जिंग स्टेशन त्यांच्या उपयोगाचं नाही. ड्युटी सुटल्यावर कोण तिथं ताटकळणार?

सोय नसली की माणूस आपली सोय करून घेतो. सिक्युरिटी केबिनच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढलेलं मी पाहिलं, त्यावर दोन चार्जर. मी प्लग उपसला तर पिनेचं पितळ काळं पडलेलं, सॉकेटच्या भोकांभोवती प्लास्टिक पिवळं होऊन फुगलेलं, जळक्या बॅकेलाईटचा वास हाताला. वर पत्र्याचं शेड, पावसाळ्यात तिथं झड येते. त्याच दिवशी मी ते बंद केलं. पण बंद करून भागत नाही, कारण गाडी घरी न्यायला चार्ज लागणारच. तेव्हा मालकांकडं गेलो. त्यांनी रास्त तेच विचारलं: खर्च किती आणि सरकार किती देतंय?

खर्चाचं आधी सांगतो, कारण त्यात लोकांचा गैरसमज फार आहे. स्कूटरचा चार्जर साधारण ७०० ते ८०० वॅट ओढतो. दहा गाड्या एकदम लावल्या तरी साडेसात किलोवॅटच्या आसपास, म्हणजे १० एचपीच्या एका मोटारीएवढा लोड. आमच्या शॉपमध्ये अशा मोटारी रोज चालू-बंद होतात, त्यासाठी मंजूर भार वाढवायची गरज पडत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला दीड-दोन युनिट पुरतात. आपल्याच आवारात आपल्याच गाड्या चार्ज करायच्या तर असलेल्या कनेक्शनवर करता येतं, लायसन्स लागत नाही.

चार्जिंग पॉइंटची पेटीही महाग नाही. दुचाकी-तीनचाकीसाठी ३ किलोवॅटचा देशी पॉइंट ३,५०० रुपयांच्या आत बसावा, असं उद्दिष्ट केंद्रानं २०२१ मध्येच ठेवलं होतं. चार्जरवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पैसा जातो तो पॅनलपासून स्टँडपर्यंत. आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, ट्रिमिक्स म्हणजे काँक्रीटची जमीन फोडून चर, वेगळा अर्थिंग पिट, प्रत्येक पॉइंटला आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), पाणी न शिरणारी बॉक्स. अनुदान नुसत्या पेटीच्या किमतीवर मोजलं तर छोट्या मालकाच्या डोक्यावरचं ओझं आहे तिथंच राहतं.

आता सरकारचं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात स्लो चार्जरला किमतीच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये, पहिल्या १५,००० चार्जरसाठी अशी तरतूद होती. फास्ट चार्जरला ५० टक्के आणि ५ लाखांपर्यंत. रोख सार्वजनिक आणि अर्ध-सार्वजनिक जागांवर होता. त्या धोरणाची मुदत मार्च २०२५ ला संपली. नवं धोरण २०३० पर्यंतचं आहे, १,९९३ कोटींचं, आणि त्यात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलंय. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह या ई-वाहनांच्या योजनेतही चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत, तेही सार्वजनिक स्टेशनांसाठी. समृद्धीवर चार्जर हवेतच, त्याबद्दल वाद नाही. पण रांजणगावचा माणूस समृद्धीवरून कामाला जात नाही.

दिल्लीनं हे बरं केलं. तिथल्या २०२० च्या धोरणात पहिल्या ३०,००० पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपये ठेवले, त्यात ऑफिसं, सोसायट्या, दवाखाने सगळे आले. वीज कंपनीकडंच अर्ज करायचा आणि अनुदान वजा जाता उरलेली रक्कम भरायची. इंग्लंडमध्ये तर मालकांसाठीच वेगळी योजना चालवली: बसवण्याच्या खर्चासकट ७५ टक्के, एका सॉकेटमागं कमाल ३५० पौंड, ४० सॉकेटपर्यंत. बरीच वर्षं हाच दर होता. मालकाला व्हाउचर मिळायचं, बसवणारा ते बिलातून वजा करायचा आणि सरकारकडून पैसे आणायचा. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. आमच्यासारख्या युनिटला आधी खर्च करा, मग फाईल घेऊन फिरा, हे झेपत नाही. मोठ्या कंपनीकडून आमचं पेमेंटच नव्वद दिवसांनी येतं.

मराठवाड्यासाठी माझं आणखी एक म्हणणं आहे. राज्याच्या उद्योगांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांची ए, बी, सी, डी, डी-प्लस अशी वर्गवारी आधीपासून आहे, मागास तालुक्याला जास्त मदत मिळते, हिंगोलीसारखा जिल्हा तर विनाउद्योग गणला गेलाय. तीच वर्गवारी कामाच्या जागेवरच्या चार्जिंगला लावा. पुण्याच्या आयटी पार्कला आणि हिंगोलीच्या जिनिंगला एकच टक्का कशाला? अमेरिकेतही चार्जरची कर-सवलत २०२२ च्या कायद्यानं कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी भागांपुरतीच ठेवली होती.

दिवसाच्या विजेचाही फायदा आहे. सप्टेंबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक स्टेशनांसाठी सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेतला दर वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळेत १.३ पट धरलाय, कारण दुपारी सोलरची वीज भरपूर असते. फर्स्ट शिफ्टच्या गाड्या नेमक्या त्याच वेळेत उभ्या असतात. ज्यांच्या शेडवर सोलर आहे त्यांना तर काहीच सांगायला नको.

आमच्या मालकांनी अनुदानाची वाट न बघता पूर्वेकडच्या भिंतीला थोडे पॉइंट लावू दिले. वेगळा सबमीटर आहे, पैसे कामगारांकडून घेत नाही. नियम एकच: एप्रिल-मे मध्ये उन्हातून आलेली गाडी अर्धा तास थंड झाल्याशिवाय लावायची नाही. तो रांजणगावचा ऑपरेटर आता निवांत आहे. पण थर्ड शिफ्टच्या पोरांना पॉइंट पुरत नाहीत, आणि शेजारच्या गाळ्यातल्या दोन युनिटांनी विचारून खर्च ऐकून पाय मागं घेतला.

याच शहरातल्या लोकांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, दरही पाडून घेतला. तसंच गाळ्या-गाळ्यांनी मिळून केबल आणि पॉइंटची एकगठ्ठा ऑर्डर दिली तर कॉन्ट्रॅक्टर दर खाली आणेल. मसिआ आणि सीएमआयए या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं, आणि सरकारपुढं मागणी ठेवताना अनुदान केबल-अर्थिंगसकट आणि बिलातून वजा, हे दोन मुद्दे सोडू नयेत. आमचं एस्टिमेट मी कुणालाही दाखवायला तयार आहे. तोवर आपल्या पॅनलपासून स्टँडपर्यंतचं अंतर टेप लावून मोजून ठेवा, खर्च बहुतेक तिथंच ठरतो.