टूसॉनचं बोनयार्ड: आत जाता येत नाही, तरी जा

आधीच सांगून टाकतो: अमेरिकेत अॅरिझोनातल्या टूसॉनच्या बोनयार्डात, म्हणजे लष्कराची सेवेतून काढलेली विमानं ठेवतात त्या जागेत, आपल्याला आत सोडत नाहीत. आम्ही फिनिक्सजवळच्या चँडलरहून दीड तास गाडी हाकत गेलो ते जुन्या व्हिडिओंच्या भरवशावर. त्यात लोक बसमध्ये बसून विमानांच्या रांगांमधून फिरताना दिसतात. ही बसफेरी शेजारच्या पिमा एअर अँड स्पेस म्युझियमतर्फे चालायची, ती कोविडच्या काळात थांबली. तिकीटखिडकीवरच्या आजींनी हे इतक्या सवयीनं सांगितलं, की दिवसातून वीस जण तरी विचारत असावेत. जावईबापू काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. व्हिडिओ मीच पाठवले होते. तेव्हा निघण्यापूर्वी म्युझियमची वेबसाइट स्वतः उघडून बघा.

माझी सगळी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात, तीही स्टोअरमध्ये गेली. त्यामुळे बोनयार्डाला म्हणतात तो 'विमानांची स्मशानभूमी' हा शब्द मला पहिल्यापासून खटकत होता. तिथं गेल्यावर खात्रीच झाली. हे स्मशान नाही, हे स्टोअर आहे. डेव्हिस-मॉन्थन हवाई तळाला लागून सुमारे २,६०० एकरांवर तीन-चार हजार लष्करी विमानं ओळीनं लावलेली आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, जादा झालेली बी-२९ बॉम्बर आणि सी-४७ मालवाहू विमानं ठेवायला ही जागा निवडली गेली. कारण साधं आहे: हवा कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम अकरा इंच, आणि खालची जमीन चुनखडीसारखी इतकी घट्ट की काँक्रीट न ओतता अवजड विमान उभं करता येतं. आमच्याकडे कंडम गाडी एक पावसाळा उघड्यावर काढली, की खालचा पत्रा हातात यायचा.

विमान आलं की आधी टाकीतलं इंधन काढतात आणि इंधनाच्या नळ्यांतून हलकं तेल फिरवतात, म्हणजे आतून गंजत नाही. मग काचा, झाकणं, सांधे यांवर रबरासारखा लेप फवारतात, खाली काळा आणि वर पांढरा. पांढऱ्यामुळे ऊन परततं आणि आतली यंत्रं भाजून निघत नाहीत. लांबून विमानांच्या पाठीवर आणि नाकावर जे पांढरे पट्टे दिसतात, ते हेच. प्रत्येक विमानाची वर्गवारी ठरलेली असते: काही पुन्हा उडवायची म्हणून जपलेली, काही सुट्या भागांसाठी, काही थेट भंगारात. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा आणि त्याची नोंद ठेवायची. स्टोअरमध्ये मालाच्या आवक-जावकीची 'बिन कार्डं' लिहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इथून परत गेलेलीही आहेत. 'घोस्ट रायडर' नावाचं बी-५२ बॉम्बर २००८ मध्ये इथं आणून ठेवलं होतं, ते २०१५ मध्ये पुन्हा उडालं आणि दुरुस्ती होऊन सेवेत रुजू झालं. उलट अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या १९९१ च्या 'स्टार्ट' या अण्वस्त्रकपातीच्या करारानंतर याच जातीच्या साडेतीनशेहून जास्त विमानांचे इथं तुकडे झाले. क्रेनला सुमारे सहा टनांचं पातं लटकवून वरून सोडायचे. तुकडे काही महिने तसेच उघड्यावर ठेवायचे, समोरच्या पक्षाला उपग्रहातून मोजता यावेत म्हणून. नकाशाच्या अॅपमध्ये उपग्रहाचं दृश्य लावून ही जागा घरबसल्या बघून जा. बाहेरून जे कुंपणाआड राहतं ते तिथं नीट दिसतं.

म्युझियमला पूर्ण दिवस द्या. ऐंशी एकर, चारशेच्या आसपास विमानं, त्यातली बरीचशी उन्हात. हेरगिरीचं अतिवेगवान एसआर-७१, केनेडींच्या वेळचं राष्ट्राध्यक्षांचं विमान, फुगलेल्या माशासारखं मालवाहू सुपर गप्पी. सकाळी उघडताच बाहेरचं बघून घ्या, दुपारी हँगरमध्ये शिरा. आम्ही नेमकं उलट केलं आणि दोनच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडला.

मात्र एक विमान चुकवू नका: महायुद्धाच्या हँगरमधलं बी-२४ लिबरेटर बॉम्बर. अमेरिकन विमान म्हणून बघून पुढं गेलात तर फसाल, शेजारचा फलक वाचा. हे भारतीय हवाई दलाचं विमान आहे. युद्धानंतर इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर पुन्हा वापरता येऊ नयेत असे मोडून टाकले होते. १९४८ पासून बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीच्या लोकांनी त्यांतले चाळीसच्या आसपास उभे केले. कानपूरला कामचलाऊ डागडुजी करून ते बंगळूरला उडवत नेले आणि तिथं पक्की दुरुस्ती केली. आपल्या पुण्याच्या लोहगाव तळावरूनही ते काही वर्षं उडत होते. १९६८ अखेर निवृत्ती झाली आणि १९६९ मध्ये हे विमान भारतातून उडत टूसॉनला आलं. मी त्याच्या पोटाखाली वाकून रिव्हेटांच्या ओळी बघत बराच वेळ उभा होतो. एका जागी दोन ओळी एकमेकींना अगदी जुळत नव्हत्या. ते कानपूरचं काम की दुसऱ्या कुणाचं, कोण सांगणार! मला आपलं ओळखीचं वाटलं.

उन्हाविषयी. ऑक्टोबर ते मार्च जा. आम्ही मेअखेरीस गेलो, पारा चाळिशीवर होता. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, पायात बूट, चप्पल नको. जुलै ते सप्टेंबरमध्ये तिथला मान्सून असतो आणि फिनिक्सच्या वाटेवर धुळीची भिंत अंगावर येते. तसं झालं तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला उतरा, दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले की मागचा त्यांच्या रोखानं येऊन आदळतो.

आता बोनयार्ड. म्युझियमजवळचा कोल्ब रोड थेट त्याच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना कुंपण आणि पलीकडे विमानं. गाडी थांबवायला सोयीची जागा नाही, म्हणून एकदा जाताना आणि एकदा येताना बघा, आणि फोटोचं काम चालवणाऱ्यावर टाकू नका. ड्रोनचा विचारही मनात आणू नका, लष्करी हद्द आहे. आम्ही पाचच्या सुमारास निघालो. उन्हं तिरपी झाली होती आणि सी-१३० मालवाहू विमानांच्या शेपट्या एकामागं एक सरकत होत्या, काहींच्या पंखांवर इंजिनंच नव्हती. दुसऱ्या फेरीला सौ. काच खाली करून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या दापोडीसारखंच आहे की. फक्त गाजरगवत नाही."